सिंधुदुर्गात पोहायचं तर आधी तिथी बघा, मग किनारा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून आठ दिवस सिंधुदुर्गात सुट्टीला जायचंय. दोन मोठ्या माणसांना तलावात बऱ्यापैकी पोहता येतं, मुलं अकरा आणि सहा वर्षांची आहेत. समुद्र, खाडी, नदी यांपैकी कुठे पोहावं, कुठे टाळावं, आणि कुठला महिना चांगला?

किनाऱ्यांची यादी पुढे देतोच. पण फक्त यादी घेऊन निघालात तर फसाल. तारकर्लीचा तोच पट्टा सकाळी सात वाजता सहा वर्षांच्या मुलाला कमरेएवढ्या पाण्यात खेळवण्याजोगा असतो आणि दुपारी दोनला तिथंच पट्टीचा पोहणारासुद्धा दमतो. त्यामुळे आधी वेळ ठरवायची, मग जागा.

वेळ ठरवायला ॲप लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणपट करा, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. दशमी असेल तर दहाचे पाऊण म्हणजे साडेसात. सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी भरलेलं आणि संध्याकाळी जवळपास त्याच वेळेला पुन्हा. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तास दहा मिनिटांनी पूर्ण ओहोटी, आणि रोजची वेळ अंदाजे ४८ मिनिटांनी पुढे सरकते. मालवण-वेंगुर्ल्याकडे पाणी मुंबईपेक्षा आधी चढतं, म्हणून या हिशोबात अर्धापाऊण तास अलीकडचा धरावा. अष्टमी-नवमीच्या आसपास वेळ तासभरही इकडेतिकडे होते. अंदाजाला हे पुरतं. पक्की वेळ किनाऱ्यावरच्या होडीवाल्याला विचारा, त्याचं पोट त्यावर चालतं.

आता या हिशोबातून जे निघतं ते सुट्टीच्या दृष्टीने फार कामाचं आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत मोठा. मालवणकडे उधाणात पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, भांगाला, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढउताराच्या दिवसांत, मीटरभरही नाही. (मुंबईत उधाणाला हाच फरक चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे तिकडचे अंदाज इकडे लावू नका.) पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे दोन मीटरपैकी एक मीटर पाणी मधल्या दोन तासांतच निघून जातं. ओढ तेव्हा सर्वांत जास्त. पौर्णिमेला भरती अकराच्या सुमारास, म्हणजे हे दोन तास येतात साधारण एक ते तीन. बरोबर जेवून उठून लोक पाण्यात उतरतात ती वेळ.

याच्या उलट अष्टमी ते द्वादशी. भांग साधारण नवमी-दशमीला असतो, म्हणजे चढउतार सर्वांत कमी. आणि याच दिवसांत पूर्ण भरती सकाळी सहा ते नऊच्या मध्ये पडते. पहाटेपासून पाणी सावकाश चढत असतं, वारा पडलेला असतो, ऊन कोवळं असतं. शुक्ल असो की कृष्ण, दर पंधरवड्याला हा मेळ आपोआप जमतो. आठ दिवसांची सुट्टी सप्तमी ते चतुर्दशी अशी बसवता आली तर पोहण्याच्या दृष्टीने त्याहून चांगला आठवडा नाही. हॉटेलचं बुकिंग करण्याआधी हे बघा.

सकाळचा दुसरा फायदा वाऱ्याचा. रात्री आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग सपाट राहतो. अकरा-बारानंतर खारे वारे सुटतात, बारीक लाटा उठतात, वाळू ढवळते, पाणी गढूळ होतं. पण मतलई वाऱ्यात एक मोठा धोका आहे आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. हवेने फुगवलेली रबरी ट्यूब, बदक, गादी असलं काहीही सकाळी पाण्यात नेऊ नका. वारा ती बाहेर समुद्राकडे ढकलतो. मूल ट्यूबमध्ये बसलेलं, पाणी शांत, आणि पाच मिनिटांत ते पायाच्या बाहेरच्या खोलीत गेलेलं असतं. सहा वर्षांच्या मुलाला लाइफ जॅकेटच घाला, तेही मापाचं आणि दोन्ही पायांमधून पट्टा येणारं. हा पट्टा नसेल तर जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली राहतं.

महिना: नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाणी जानेवारीतही २७-२८ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे गारठण्याचा प्रश्न नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत पाण्याखालचं सर्वांत स्वच्छ दिसतं. मार्च-एप्रिल चालतात. मे महिन्याबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं, कारण शाळांची सुट्टी तेव्हाच असते. मे मध्ये आकाश निरभ्र, वारा नाही, तरीही लाटा अचानक मोठ्या होतात. त्या इथल्या वाऱ्याच्या नसतात. हिंदी महासागराच्या अगदी दक्षिणेला उठलेल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर चालत येतात. दोन लाटांमध्ये पंधरा सेकंदांच्या वर अंतर असलं तर त्या अशा दूरवरच्या समजाव्यात. मोबाइलमधलं सेकंदकाटा दाखवणारं घड्याळ घ्या आणि दहा लाटा मोजा; दहा लाटांना अडीच मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ लागत असेल आणि लाट किनाऱ्यावर खूप वरपर्यंत धावून येत असेल, तर त्या दिवशी घोट्यापर्यंतच. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था अशा लाटांचे इशारे आधी देते, ते निघण्यापूर्वी बघावेत. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्रात उतरण्याचा विचारच नको. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते. समुद्रावर जगणारी माणसं जेव्हा होड्या वर ओढतात तेव्हा पाहुण्यांनी पाण्यात जाण्याचं कारण नाही.

पण बुडण्याच्या मोठ्या दुर्घटना पावसाळ्यातच घडतात असं समजू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगडमधल्या मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या गटातले आठ जण गेले. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता.

असं होतं ते बहुतेकदा ओढीमुळे, आणि ती ओळखता येते. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते परत जायला वाट शोधतं. समोर वाळूचा बुडालेला बांध असेल तर त्यात जिथे खिंड असते तिथून ते सगळं पाणी एकवटून बाहेर जातं. दहा ते तीस मीटर रुंदीचा हा पट्टा, वेग सेकंदाला अर्धा मीटर ते दोन मीटर. तलावात २५ मीटर चाळीस सेकंदांत पोहणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटर पडतो. म्हणजे ओढीविरुद्ध किनाऱ्याकडे पोहण्याचा हिशोब बसतच नाही. आणि घात असा, की ही जागा दिसायला सर्वांत शांत असते. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मध्ये एक गडद, सपाट पट्टा आहे, फेस आणि कचरा त्यातून बाहेर सरकतोय. लहान मुलांना घेऊन लोक नेमके तिथे उतरतात, कारण “इथे लाटा नाहीत”. पाण्यात जाण्याआधी दहा मिनिटं पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, जरा उंच जागी उभे राहून बघा. लाटा सलग ओळीने फुटतात तिथे उतरा, ओळ तुटते तिथे नाही.

ओढीत सापडलातच तर पाठीवर तरंगा, श्वास सावरा, हात वर करा. ओढ तळाशी खेचत नाही, बाहेर नेते, आणि बांधाच्या पलीकडे तिचा जोर संपतो. तरतरी असेल तर किनाऱ्याला समांतर तीस-चाळीस मीटर पोहा आणि लाटा फुटताना दिसतात तिथून आत या.

किनारा उतरता आहे की सपाट, हे पायाखालच्या वाळूवरून कळतं. बारीक, घट्ट वाळू, जिच्यावर सायकल रुतत नाही, तिथे तळ सावकाश खोल होतो. भरड वाळू, चालताना पाय रुततो, पाण्याच्या काठाशीच वाळूची पायरी पडलेली आणि लाट अगदी काठावर आदळून फुटते: तिथे तीन पावलांत गळ्याएवढं पाणी असतं. रत्नागिरीतलं गणपतीपुळे याच कारणाने वाईट आहे. देवदर्शन जरूर घ्या, पाण्यात जाऊ नका.

आता जागा.

तुमच्या मुलांसाठी पहिली पसंती मालवण शहरातला चिवला किनारा. अर्धचंद्राकार लहानसा उपसागर, समोरच्या खडकांवर लाटांचा जोर मोडतो, आत पाणी निवांत. डिसेंबरमध्ये इथे राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. त्या दिवसांत मुलांना ती दाखवण्यासारखी आहे. इथे भरतीला पोहायचं. ओहोटीला खडक उघडे पडतात, आणि त्यांवर कालवं असतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात आणि जखम चिघळते. रबरी तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट घालून उतरा, चपला नकोत. खडकाच्या कडेकडेने सुमारे पाच मीटर अंतर ठेवलं की वाळूचा तळ मिळतो.

तारकर्ली मालवणपासून सहा-सात किलोमीटर. लांब, सरळ, उघडा किनारा. पाणी सुंदर, पण समोर आडोसा काही नाही, म्हणून वर सांगितलेले नियम इथे तंतोतंत लागू. जलक्रीडेच्या होड्या जिथे ये-जा करतात तिथून दोनशे मीटर तरी बाजूला जा. सकाळी नऊच्या आत पोहून घ्या. त्यानंतर गर्दी आणि होड्या दोन्ही वाढतात. वायरी हा मालवण आणि तारकर्ली यांच्या मधला पट्टा. तो सोडून द्या.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मध्ये माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. राहायला यासारखी जागा नाही. पण टोकाला खाडी समुद्राला मिळते त्या संगमावर कधीही पोहू नका, भांग असो की उधाण. खाडीतलं सगळं पाणी ओहोटीला त्या तोंडातून निघतं, आणि वाळूचा काठ खालून पोखरलेला असतो. उभं राहिलेलं माणूस वाळूसकट खाली जातं. संगमाजवळच्या ज्या वाळूच्या बेटाला सगळे ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात, तिथे ओहोटीला होडीने जायला हरकत नाही. गुडघाभर पाण्यात खेळायचं, बेटाच्या मधल्या भागात राहायचं, कडेला जायचं नाही. तांडेलाने (होडी चालवणाऱ्याने) “चला” म्हटलं की फोटो अर्धवट टाकून निघायचं.

खाडीच्या आतल्या बाजूला, संगमापासून दोन-तीन किलोमीटर वर, मोठ्यांना पोहायला छान जागा मिळतात, फक्त पाणी थांबतं त्या वीस-तीस मिनिटांत. समुद्रावर भरती पूर्ण झाल्यावरही खाडीत पाणी काही वेळ आत येतच राहतं, म्हणून घड्याळावर न जाता पाण्यावर बघा. नारळाचं सोडण (वरचं साल) टाका आणि काठाने त्याच्याबरोबर चाला. मिनिटाला पंधरा पावलांपेक्षा जास्त चालावं लागलं तर अजून थांबा. सोडण जागच्या जागी घुटमळायला लागलं की उतरा, आणि ते उलट्या दिशेला निघालं की बाहेर या. खाडीत तळ चिखलाचा असतो. पाय टेकवून उभं राहण्याच्या भरवशावर पोहू नका, आणि शेपटीला विषारी काटा असलेला पाकट मासा वाळू-चिखलात दडून बसतो म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला. चाहूल लागली की तो स्वतःहून निघून जातो.

कर्लीच्या दक्षिणेला भोगवे. कुडाळहून परुळ्यावरून रस्ता आहे. गर्दी कमी, किनारा अप्रतिम. उत्तरेचं टोक म्हणजे तेच खाडीचं तोंड, तिकडे फिरकायचं नाही. बाकी पट्ट्यात काठ उतरता आहे, त्यामुळे मुलांना पाण्यात न नेता मोठ्यांनीच पोहावं. मालवणच्या उत्तरेला तोंडवळी-तळाशीलची रचना देवबागसारखीच आहे, गड नदीची खाडी मागे आणि समुद्र पुढे. दक्षिणेचं टोक टाळायचं, मधला भाग शांत आणि मोकळा.

शिरोड्याचं वेळागर आणि आरवलीचा सागरतीर्थ हे वेंगुर्ला तालुक्यातले लांबलचक किनारे. सुरूच्या सावलीत दिवस घालवायला उत्तम. पोहण्याच्या दृष्टीने ते उघडे किनारे आहेत, तारकर्लीसारखेच वागवावेत. फरक इतकाच, की इथे आजूबाजूला मदतीला माणसं फार कमी असतात. मोचेमाड आणि रेडीला खाडी जवळ आहे हे लक्षात ठेवा. कुणकेश्वरला देवळासमोरच्या खडकांवर लाटा आदळतात, तिथे दर्शन घ्या आणि पोहणं दुसरीकडे ठेवा.

गोड्या पाण्याबद्दल. नोव्हेंबरनंतर नद्यांचं पाणी कमी होऊन कोंड आणि डोह उरतात, आणि गावोगाव पोरं त्यांत पोहतात. ज्या डोहात गावातली मुलं पोहत असतील तिथे, ती जिथून उतरतात तिथूनच उतरा. डोकं खाली करून उडी अजिबात नाही. मागच्या पावसाळ्यात तळाला ओंडका किंवा दगड येऊन बसलेला असू शकतो आणि मान मोडते. काही कोंड देवाचे असतात, त्यातले मासे पकडत नाहीत आणि पाण्यात उतरतही नाहीत, आधी विचारा. वैभववाडीचा नापणे धबधबा बारमाही आहे, पण धारेखालचा डोह खोल आणि कडा शेवाळाच्या; बघायला जा. धामापूरचा तलाव पिण्याच्या पाण्याचा आहे, त्याच्या काठी बसावं, पाण्यात उतरू नये. तिलारीच्या धरणाखाली आणि कालव्यात पाणी कधी सोडतील याचा नेम नाही, तिथे नकोच. दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलपट्ट्यात जानेवारी ते मे या काळात माकडतापाचा धोका असतो. नदीकाठी पालापाचोळ्यावर बसू नका, अंगाला गोचिडविरोधी तेल लावा, परतल्यावर अंग तपासा. पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत पायाला जखम असेल तर गोड्या पाण्यात पाय घालू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार या जिल्ह्यात खरोखर होतो. आणि सुट्टी पुढे उत्तरेकडे वाढवणार असाल तर महाडची सावित्री आणि चिपळूणची वाशिष्ठी या नद्यांत मगरी आहेत, तिथे नदीत उतरायचंच नाही.

स्नॉर्केलिंग करायचं असेल तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका. एका पायाने मोडलेलं प्रवाळ परत यायला वर्षानुवर्षं लागतात.

जेलीफिशचा चटका बसला तर वाळूने चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका, दोन्हींनी उरलेल्या नांग्या फुटून विष वाढतं. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे कार्डाच्या कडेने किंवा काडीने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, वीस मिनिटं तो भाग बुडवून ठेवा. पाकटाचा काटा लागला तर हेच गरम पाणी, पण सोबत दवाखाना हवाच. श्वासाला त्रास, चेहऱ्याला सूज, उलट्या यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय थांबवून निघा.

गाडीत ठेवायचं सामान थोडंसं आहे: पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन, झाकण गच्च बसवलेला, आणि त्याच्या कानाला बांधलेली पंधरा-वीस मीटर नायलॉन दोरी. हा कॅन मोठ्या माणसाचं डोकं पाण्यावर धरून ठेवतो. कुणी अडकलं तर मागोमाग उडी न मारता हा फेका. अशा दुर्घटनांत एकाला वाचवायला गेलेले दुसरे-तिसरे बुडतात. पोहण्याच्या वेळी एक मोठं माणूस कोरडं, काठावर, मोबाइल खिशात ठेवून नुसतं बघत उभं राहील आणि दुसरं मुलांच्या हाताच्या अंतरावर पाण्यात असेल. दारू प्यायलेलं माणूस या दोन्ही कामांतून बाद.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं टांगू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास असं मदत येईपर्यंत चालू ठेवा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्या, कारण फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. ११२ हा सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक, रुग्णवाहिका १०८, सागरी पोलिस १०९३, तटरक्षक दल १५५४. काही किनाऱ्यांवर मोबाइलला रेंज नसते. पोहचल्यावर पुळणीवर उभं राहून ती आधी बघून घ्या, आणि ज्या घरी उतरला आहात त्यांचा नंबर मुलांच्या लाइफ जॅकेटवर न पुसणाऱ्या पेनने लिहून ठेवा.